सकर्मक सोसणं

स्कॉटलंडच्या सखल भागात बोलल्या जाणाऱ्या स्कॉट्स भाषेत 'थोल' नावाचं एक जुनं क्रियापद आहे. अर्थ सांगायला सोपा: सोसणे. दातदुखी थोल करतात, थंडी थोल करतात, भांडकुदळ शेजारी थोल करतात. 'स्कॉटिश स्वभाव एका शब्दात सांगा' या छापाच्या याद्यांत हल्ली या शब्दाची हमखास वर्णी लागते. पाऊस येवो, गरिबी येवो, पराभव येवो, ओठ मिटून उभा राहणारा चिवट माणूस आणि त्याचं हे क्रियापद. ऐकायला छान वाटतं. मला मात्र ते खोटं वाटतं, आणि काही लोकांच्या फार सोयीचंही. थोलचा हजार वर्षांहून मोठा इतिहास चाळला तर मुकाट सोसणाऱ्याचं कौतुक तिथे बेताचंच आढळतं. बहुतेक ठिकाणी भेटतं ते कर्म मागणारं क्रियापद. काय सोसलं, कुणाचं सोसलं, किती काळ सोसलं, हे आल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.

कर्म म्हटलं की आपल्या मनात व्याकरणाच्या आधी दुसरंच कर्म उभं राहतं, आणि घोळ नेमका तिथे होतो. सोसणाऱ्याचं कर्म त्याच्या कपाळावर लिहिलेलं आहे असं एकदा ठरलं, की ते वाक्यात शोधायची गरज उरत नाही.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचं रूप 'थोलिअन' असं होतं. 'बेवुल्फ' या काव्यात ग्रेंडेल नावाचा राक्षस राजा ह्रोथगारच्या वाड्यावर रात्री धाड घालतो, माणसं उचलून नेतो, आणि कवी नोंदवतो की राजाने हे दुःख बारा हिवाळे थोल केलं. बारा हिवाळे: कवीला नुसतं 'फार सोसलं' म्हणून भागत नाही, तो मोजून सांगतो. त्याच काळातल्या कायदेसंहितांत थोलिअनला 'गमावणे, मुकणे' असाही अर्थ होता. अमुक गुन्हा केला तर मालमत्तेला मुकावं लागेल, हाताला मुकावं लागेल, अशा कलमांत तो येतो. म्हणजे कवीच्या तोंडी होता तेव्हाच हा शब्द कायद्याच्याही कामाला लागलेला होता. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच-लॅटिन वळणाचे 'सफर', 'एंड्युअर' असे शब्द दक्षिणेत रुजले. थोल तिथून हळूहळू हद्दपार झाला. उत्तर इंग्लंडात, स्कॉटलंडमध्ये आणि स्कॉटिश वसाहतवाल्यांबरोबर आयर्लंडच्या अल्स्टरमध्ये तो टिकला. जर्मनमधला 'डुल्डन' आणि धीर या अर्थाचा 'गेडुल्ड', आइसलँडिकमधला 'थोला' हे त्याचे सख्खे नातेवाईक. आणखी मागे गेलं की लॅटिनमधला 'तोलेरारे' भेटतो. इंग्रजीने 'टॉलरेट' पुढे तिथूनच घेतला. घरचा शब्द टाकून त्याच्याच भाऊबंदाला परदेशातून आणण्यातला हा प्रकार.

या कुळाची एक शाखा आपल्याकडे आहे. संस्कृतातला 'तुल्' धातू, म्हणजे उचलणे, वजन करणे, याच मूळ घराण्यातला. त्यातून तुला आली, तोलणं आलं, तोल सांभाळणं आलं, आणि घराच्या आढ्याखाली आडवी टाकलेली तुळईही आली. सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: भार उचलणे. तिच्यात शरणागती नाही. तुळई छपराला शरण गेलेली नसते. तिने भार पेललेला असतो, तो किती आहे हे मोजता येतं आणि किती झाला की ती मोडेल हेही सुताराला सांगता येतं.

थोडं विषयांतर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिच्या सुरुवातीला मराठीच्या घडणीवर एक विस्तृत टिपण आहे. ते लिहिणारे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे. विल्सन मूळचे लॉडर गावचे, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातले, अस्सल स्कॉट्स मुलखातले. त्यांच्या लहानपणी आजूबाजूला थोल सर्रास चालत असणार. मराठी ही नीट अभ्यासण्याजोगी भाषा आहे हे सिद्ध करायला झटणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गावची बोली त्या काळात सुशिक्षित माणसाने दडवायची गोष्ट समजली जात होती. दुसऱ्याच्या भाषेचा मान राखणं कधी कधी सोपं जातं.

थोलच्या अर्थांकडे वळू. पहिला अर्थ भोगणे: दुखणं, तोटा, शिक्षा वाट्याला येणे. दुसरा, धीराने सहन करणे. तिसरा अर्थ मला सगळ्यांत बोलका वाटतो: होऊ देणे, परवानगी देणे, चालवून घेणे. आणि चौथा, एखाद्या गोष्टीत आणखी काही मावणे, तिला ते पेलणे, वाव असणे. पहिल्या आणि तिसऱ्या अर्थांत एक सत्ता-संबंध दडलेला आहे. खालचा माणूस थोल करतो तेव्हा तो भोगतो. वरचा माणूस थोल करतो तेव्हा तो चालवून घेतो. क्रियापद एकच, पण ते कोणाच्या तोंडी आहे यावर त्याची दिशा ठरते. मराठीत आपण या कामासाठी सोसणे, साहणे, भोगणे, खपवून घेणे अशी वेगवेगळी क्रियापदं ठेवली आहेत. स्कॉट्सने सगळी ओझी एकाच खांद्यावर टाकली, म्हणून त्या भाषेत वाक्याचं कर्म आणि कर्ता दोन्ही नीट पाहावे लागतात.

ते कसे पाहायचे हे स्कॉट्समध्ये लिहिणाऱ्या कवी रॉबर्ट बर्न्सने दाखवलं. १७८६ च्या त्याच्या पहिल्या संग्रहात दोन कुत्र्यांचा संवाद असलेली एक दीर्घ कविता आहे. एक कुत्रा जमीनदाराचा, सीझर नावाचा. दुसरा नांगऱ्याचा, लूथ नावाचा. सीझर सांगतो की आमच्या धन्याच्या वसुलीच्या दिवशी मी पाहतो, खिसा रिकामा असलेल्या गरीब कुळांना फॅक्टरची अर्वाच्य बोलणी कशी थोल करावी लागतात. फॅक्टर पाय आपटतो, धमक्या देतो, शिव्या घालतो, चीजवस्तू जप्त करतो, आणि यांनी मान खाली घालून सगळं ऐकायचं आणि थरथर कापायचं. फॅक्टर म्हणजे जमीनदाराचा कारभारी, खंड वसूल करणारा. आपल्या वाचकाला कुळकर्णी, खोत, कारकून या मंडळींची आठवण होईल, पण फॅक्टरची जात थोडी वेगळी. त्याच्या मागे गावकीचा वतनदारी हक्क नव्हता, मालकाचं मुखत्यारपत्र होतं.

हा फॅक्टर हवेतून आलेला नव्हता. बर्न्सचे वडील आयरजवळच्या माउंट ऑलिफंट या शेतावर कूळ होते. भला मालक वारला आणि कुटुंब एका फॅक्टरच्या हाती सापडलं. १७८७ च्या एका आत्मकथनपर पत्रात बर्न्स स्पष्ट लिहितो की त्या कवितेतल्या फॅक्टरचं चित्र मी याच माणसावरून काढलं, आणि त्याची उर्मट धमकीची पत्रं आली की आमच्या घरात सगळे रडत. तिथे 'थोल'चं कर्म आहे 'फॅक्टरची बोलणी'. नशीब नाही, हवामान नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही. एक माणूस, त्याचा हुद्दा, त्याची जीभ.

या कवितेत आणखी एक बारकावा आहे, तो बहुधा सुटतो. कुळांची कीव करतो तो श्रीमंताचा कुत्रा. गरिबाचा कुत्रा लूथ उलट त्याची समजूत घालतो: वाटतं तितकी ती माणसं दुःखी नाहीत, दारिद्र्याच्या कड्यावरच कायम उभी असल्यामुळे खाली बघायची त्यांना सवय झाली आहे. बर्न्सने हे लूथच्या तोंडी घातलं यात त्याची खरी नजर दिसते. सवय झालेला माणूस स्वतःच आपल्या वाक्यातलं कर्म खोडून टाकतो. 'चालायचंच' म्हणतो. कर्म खोडायला दर वेळी फॅक्टर लागत नाही.

बर्न्सची जास्त लाडकी कविता मात्र दुसरी, नांगराने बीळ उद्ध्वस्त झालेल्या उंदरावरची, १७८५ ची. जानेवारीत त्याचा जन्मदिवस येतो तेव्हा स्कॉटलंडमधल्या शाळांतून मुलं ती म्हणतात. तिथेही थोल आहे. घर गेलेल्या या उंदराला आता हिवाळ्याची बर्फाळ रिपरिप आणि कडाक्याचं दहिवर थोल करावं लागणार, असं कवी म्हणतो. कर्म हिवाळा आहे, पण उंदीर उघड्यावर आला तो हिवाळ्यामुळे नव्हे, नांगरामुळे. आणि नांगर धरणारा आहे स्वतः कवी. तो तसं कबूलही करतो, माणसाने चालवलेल्या अधिराज्याबद्दल खेद व्यक्त करतो. एवढा प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या कवितेतून 'सोसण्याचं सौंदर्य' काढून फडक्यांवर छापणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

आता या मताविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा मीच पुढे ठेवतो. थोल अकर्मकही चालतो. 'जो थोल करतो तो जिंकतो' अशी स्कॉट्स म्हण आहे, आणि तिच्यात कर्म नाही. आयरिश कवी शेमस हीनीने 'बेवुल्फ'च्या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत एक आठवण सांगितली आहे. जुन्या इंग्रजीच्या शब्दसूचीत थोलिअन दिसला आणि त्याच्या लक्षात आलं की हा तर आपल्या आत्याबाईंसारख्या घरातल्या मोठ्या बायकांच्या तोंडचा शब्द. कुणाच्या घरी अकस्मात मृत्यू झाला की त्या म्हणायच्या, आता त्यांना थोल करायला शिकावंच लागेल. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक शेतकऱ्याच्या घरात हा शब्द पोचला होता, आणि त्यातून हीनीला त्या जुन्या काव्याकडे जायची वाट सापडली.

ते वाक्य मला पूर्ण मान्य आहे. मृत्यूचा कोणी फॅक्टर नसतो. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन 'याला जबाबदार कोण' असं दर वेळी विचारता येत नाही, आणि विचारूही नये. तिथे सोसणं अकर्मकच असतं. हिवाळा, म्हातारपण, वियोग यांना तेच लागू. माझी तक्रार आहे ती हे अकर्मक वाक्य उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्याबद्दल. भाडं वाढलं, थोल करा. दवाखान्यात रांग लांबली, थोल करा. मृत्यूच्या घरचं वाक्य भाड्याच्या पावतीवर छापायचं, आणि वर त्याला राष्ट्रीय स्वभाव म्हणायचं.

आपल्याला हे नवं नाही. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे आपण कुणाकुणाला ऐकवतो याची यादी करून पाहावी. सुनेला, शिकाऊ कामगाराला, नव्या शिपायाला. टाकी हातात असलेल्याला कुणी ऐकवत नाही. 'सोशिक' हे विशेषण लग्नाच्या बाजारात मुलीच्या बाबतीत जितक्या सहज वापरलं गेलं, तितकं मुलाच्या बाबतीत कधी वापरलं गेलं?

स्कॉटलंडने अशा म्हणींना दिलेलं उत्तर १९१५ सालचं आहे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या जहाज आणि दारूगोळा कारखान्यांत हजारो कामगार आले. घरं तेवढीच राहिली. मालकांनी भाडी चढवली, आणि नवरे आघाडीवर असलेल्या बायकांच्या दारात वसुलीला आले ते फॅक्टर. हो, तोच शब्द. शेतावरचा फॅक्टर सव्वाशे वर्षांत शहरातल्या चाळींचा भाडेवसुली कारभारी झाला होता. ग्लासगोच्या गव्हन भागात मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या बायकांनी समित्या केल्या, वाढीव भाडं द्यायचं नाही असं ठरवलं. घर खाली करायला बेलिफ आले की जिन्यात घंटा व्हायची, आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून धावायच्या आणि त्यांच्यावर पिठाचा मारा करायच्या. १७ नोव्हेंबर १९१५ ला काही भाडेकरूंना शेरिफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, उभं करण्यात आलं तेव्हा बायकांबरोबर कारखान्यांतले कामगारही रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पार्लमेंटने युद्धकाळापुरती भाडी गोठवणारा कायदा केला. (तीन वर्षांनी मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला, १९१८ चा. त्याच्याही नावात 'वॉर रिस्ट्रिक्शन्स' होतं.) मेरी बार्बरचा पुतळा गव्हनमध्ये बसायला २०१८ साल उजाडलं. 'जो थोल करतो तो जिंकतो' ही म्हण तिथल्या बायकांच्या बाबतीत उलटी ठरली. थोल करायचं थांबवलं, तेव्हा जिंकल्या.

थोलचा सगळ्यांत टिकाऊ संसार मात्र कवितेत झाला नाही, चळवळीतही नाही. तो झाला फौजदारी कोर्टात. स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडहून निराळा आहे. १७०७ च्या एकीकरणातही तो निराळाच राहिला. 'असाइझ' म्हणजे ज्युरीपुढची सुनावणी. ज्या आरोपीचा खटला एकदा चालून निकाल लागला, त्याने आपली असाइझ थोल केली, असं त्या कायद्याची भाषा म्हणते. पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी उभं केलं तर तो एवढंच सांगतो: मी माझी असाइझ थोल केली आहे. खटला तिथेच थांबतो.

यातली गंमत अशी. अठराव्या शतकात एडिंबराच्या सुशिक्षितांना आपल्या बोलण्यातल्या स्कॉट्स शब्दांची लाज वाटायची. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने तर टाळायच्या शब्दप्रयोगांची यादीच करून छापली होती. त्याच्याच नावाचा त्याचा पुतण्या, बॅरन ह्यूम, स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्याचा मोठा भाष्यकार. त्याचा ग्रंथ तिथल्या कोर्टांत आजही आधाराला घेतात, आणि त्या कायद्यात थोल ठाण मांडून बसला. काकाने दारातून घालवलेली भाषा पुतण्याच्या कोर्टात राहिली. प्रेमापोटी नव्हे. नेमका तो अर्थ सांगणारं दुसरं क्रियापद वकिलांकडे नव्हतं म्हणून.

अर्थ नेमका कोणता? 'खटला चालला' म्हटलं तर ते कोर्टाचं वाक्य झालं. 'असाइझ थोल केली' हे आरोपीच्या बाजूचं वाक्य आहे. राज्याने माणसावर आपलं सगळं बळ टाकलं, तपासयंत्रणा, तुरुंग, वकील, पंधरा ज्युरर, आणि त्याने तो भार पेलला. सुटला की अडकला हा पुढचा मुद्दा. पेलला म्हणजे हिशेब मिटला. सोसण्यातून हक्क निर्माण होतो, असं सांगणारं कायद्याचं दुसरं वाक्य माझ्या पाहण्यात नाही. आपल्या घटनेच्या कलम २०(२) मध्ये एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा करण्याला मनाई आहे, पण निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला अपील करता येतं. स्कॉटलंडमध्ये ज्युरीने सोडलं की ती वाट बंद.

मग २००७ साल आलं. तीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, एडिंबराच्या रॉयल माइलवरच्या 'वर्ल्ड्स एंड' या पबमधून निघालेल्या १७ वर्षांच्या दोन मैत्रिणींची प्रेतं दुसऱ्या दिवशी शहराबाहेर सापडली होती. दीर्घ तपासानंतर अँगस सिंक्लेअर नावाच्या माणसावर खटला उभा राहिला. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीशांनी तो ज्युरीकडे जाण्याइतपत पुरेसा नाही असं म्हणून सप्टेंबर २००७ मध्ये त्याची सुटका केली. सिंक्लेअरने आपली असाइझ थोल केली होती. देशभर संताप उसळला, विधी आयोगाकडे विषय गेला आणि २०११ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने नवा कायदा केला. जुना नियम त्यात लेखी स्वरूपात आला, आणि त्याला अपवाद जोडले गेले: खटल्यात गडबड झाली असेल, सुटलेल्याने नंतर गुन्हा कबूल केला असेल, किंवा गंभीर गुन्ह्यात भक्कम नवा पुरावा मिळाला असेल, तर उच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा खटला. २०१४ मध्ये सिंक्लेअर दुसऱ्यांदा उभा राहिला, दोषी ठरला, आणि किमान ३७ वर्षांची शिक्षा झाली. १९७७ ते २०१४. तेवढीच वर्षं.

या बदलाबद्दल माझं मत सरळ नाही. सिंक्लेअर दुसऱ्या गुन्ह्यांसाठी आधीच जन्मठेप भोगत होता, म्हणजे समाजाच्या सुरक्षिततेसाठी त्या दुसऱ्या खटल्याची गरज नव्हती. गरज होती ती त्या दोन घरांना. 'असाइझ थोल केली' या वाक्यात एकाच माणसाचं सोसणं धरलेलं होतं, आरोपीचं. तीन दशकं उत्तराची वाट पाहणाऱ्यांचं सोसणं कायद्याच्या हिशेबात नव्हतंच. ते हिशेबात आलं हे मला योग्य वाटतं. पण २००७ चा खटला कोसळला तो सरकार पक्षाच्या मांडणीमुळे, आणि आपल्याच ढिलाईवर राज्याला दुसरी संधी मिळायला लागली की पहिल्या वेळी नीट तयारी करण्याची भीती कमी होते. राज्याकडे पैसा आणि वेळ कायम असतो. आरोपीकडे नसतो. म्हणून अपवाद अरुंद राहिला पाहिजे, आणि नियमाची मूळ भाषा लोकांच्या कानावर राहिली पाहिजे. कायद्याच्या शीर्षकात मात्र 'डबल जिपर्डी', म्हणजे दुहेरी धोका, आहे, सिनेमांतून सगळ्यांना ठाऊक झालेली संज्ञा. तिच्यात धोका आहे, पण तो कुणी पेलला हे नाही.

भाषेच्या दर्जाचा प्रश्न मला इथे सापडतो. १९४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या प्राथमिक शिक्षणावरच्या सरकारी सल्लागार अहवालाने स्कॉट्सबद्दल लिहिलं की ती कुठल्याही 'सुशिक्षित' लोकांची भाषा नाही आणि शिक्षणाचं माध्यम व्हायच्या लायकीची नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वर्गात घरचा शब्द उच्चारला म्हणून छड्या खाल्ल्या. १९९३ मध्ये एका शेरिफ कोर्टात 'येस' न म्हणता 'आय' म्हटलं म्हणून एका माणसाला कोर्टाचा अवमान केल्याबद्दल कोठडीत बसावं लागलं. ज्या न्यायव्यवस्थेच्या तोंडी 'थोल' शतकानुशतकं होता, तिला त्याच भाषेतलं 'हो' चाललं नाही. वरच्याने थोल केलं नाही, या तिसऱ्या अर्थाने.

२०२२ च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं. २०२५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने भाषाविषयक कायदा केला आणि ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, स्कॉटलंडच्या गेलिक या दुसऱ्या भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला. टीकाकार म्हणतात ही भाषाच नव्हे, बिघडलेली इंग्रजी आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. 'भाषा की बोली' हा वाद कोकणीच्या निमित्ताने आपल्याकडे इतका झाला आहे की त्याचा निकाल व्याकरणात लागत नाही हे मराठी आणि कोकणी वाचकांना पाठ आहे. मला काळजी वाटते ती कौतुक करणाऱ्यांची. दर्जा मिळाल्यावर सगळ्यांत स्वस्तात होणारं काम म्हणजे गोड शब्दांची प्रदर्शनं. पावसाळी हवेचा शब्द, चिखलाचा शब्द, सोसण्याचा शब्द. ती बोलणाऱ्यांना तक्रारी मात्र इंग्रजीतच कराव्या लागणार असतील, तर त्या भाषेला अधिकृतपणे सोशिक म्हणून घोषित केल्यासारखं आहे.

योगायोग असा की डबल जिपर्डीचा कायदा झाला त्याच २०११ साली स्कॉटिश पार्लमेंटने आणखी एक कायदा केला: प्रॉपर्टी फॅक्टर्स कायदा. स्कॉटलंडमध्ये इमारतींची सामाईक देखभाल पाहणाऱ्या कंपन्यांना आजही फॅक्टरच म्हणतात. जिना झाडणं, छप्पर दुरुस्त करणं, त्याचं बिल पाठवणं ही त्यांची कामं. या कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची केली, आचारसंहिता घालून दिली, पत्राला ठराविक मुदतीत उत्तर द्यायला लावलं. घरमालकाला त्यांच्याविरुद्ध ट्रायब्युनलकडे जाता येतं. माउंट ऑलिफंटच्या शेतावर रडवणारी पत्रं पाठवणाऱ्याच्या वारसाला आता पत्राचं उत्तर द्यावं लागतं.

स्कॉट्सच्या अधिकृत दर्जाची परीक्षा मी याच खिडकीवर घेईन. छप्पर तीन हिवाळे गळतंय आणि फॅक्टरची बोलणी थोल करून कंटाळा आला, असं एखाद्या बाईने आपल्या भाषेत लिहून दिलं, तर तो अर्ज 'कृपया इंग्रजीत भरा' असा शेरा मारून परत यायला नको. अडचणी आहेत. स्कॉट्सला एकच ठरलेलं शुद्धलेखन नाही, अ‍ॅबरडीनचा माणूस एक लिहील, ग्लासगोचा दुसरं, शेटलंडचा तिसरंच. कारकून वैतागतील, टंकलेखक वैतागतील, सरकारी भाषांतरकार मागवावे लागतील. या खेपेला थोल करण्याची पाळी त्यांची आहे.